मेंदूच्या अ‍ॅन्युरिझममध्ये स्टेंट उघडताना अडचण आली तर काय करायचं

हे टिपण मराठवाड्यात न्यूरोच्या केसेस करणाऱ्या कॅथलॅब टीमसाठी आहे. म्हणजे नव्याने हात बसवणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, टेबलावरच्या सिस्टर आणि टेक्निशियन. अ‍ॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) कसा होतो, त्यात कॉइल (बारीक तारेची वेटोळी) का भरतात हे इथे सांगत बसत नाही. मान, म्हणजे फुग्याचं तोंड, ४ मिमी किंवा त्याहून रुंद असेल, किंवा डोमची (फुग्याची) रुंदी मानेच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर नुसती कॉइल आत टिकत नाही. तिथे स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर (रक्त फुग्यात न शिरता धमनीतून सरळ जावं म्हणून घालायची दाट जाळी) लागतो, आणि अडचणीही तिथेच येतात.

आमचं एक ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. मोठ्या शहरात एखादा साइज कमी पडला तर तो तासाभरात मागवता येतो. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरला तोच साइज पुण्याहून किंवा हैदराबादहून निघतो आणि पोहोचेपर्यंत दिवस सरतो. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्त तेवढी वाट पाहत नाही. म्हणून सुटकेचं साहित्य खोलीत, डोळ्यांसमोर नसेल तर ठरलेली केस त्या दिवशी सुरू करू नये. नातेवाईक परभणीहून, हिंगोलीहून गाडी करून आलेले असतात, केस पुढे ढकलणं जिवावर येतं. तरीही ढकलावी.

मांडी पंक्चर करण्याआधी

न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझममध्ये क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ आणि अ‍ॅस्पिरिन ७५ ते १५० मिग्रॅ किमान ५ ते ७ दिवस पोटात गेलेली हवी. फक्त ‘गोळ्या चालू आहेत ना?’ असं विचारून भागत नाही, स्ट्रिप बघायला मागा आणि रिकामे कप्पे मोजा. क्लोपिडोग्रेल यकृतात सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे कामाला लागतं, आणि हे एन्झाइम कमजोर असलेली माणसं भारतात बरीच आहेत. त्यामुळे शक्य असेल तिथे प्लेटलेट फंक्शन टेस्ट करा. व्हेरिफायनाऊ या मशीनवर पीआरयू (औषध घेऊनही प्लेटलेट किती सक्रिय आहेत तो आकडा) साधारण ६० ते २०० च्या दरम्यान बरा. २४० च्या वर असेल तर औषध लागू पडत नाही असं समजून टिकाग्रेलॉर (१८० मिग्रॅ लोडिंग, मग ९० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सोबत अ‍ॅस्पिरिन १०० मिग्रॅच्या आत) किंवा प्रासुग्रेलचा विचार करा. प्रासुग्रेल आधी स्ट्रोक किंवा टीआयए (थोड्या वेळात ओसरणारा झटका) झालेल्याला देऊ नये. ६० किलोच्या आतल्या माणसाला रोजचा डोस ५ मिग्रॅच ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच बायका या वजनात येतात, त्यामुळे हे विसरून चालत नाही. पित्तासाठी कुणी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल लिहून दिलं असेल तर ते बदलून पँटोप्राझोल द्या.

फुटलेल्या अ‍ॅन्युरिझममध्ये स्टेंट टाळता येत असेल तर टाळा. बलूनच्या आधाराने कॉइल भरा आणि स्टेंट नंतरसाठी ठेवा. टाळता येतच नसेल आणि हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साठणं) असेल, तर ईव्हीडी (ते पाणी बाहेर काढणारी नळी) आधी टाकून घ्या आणि मगच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं लोडिंग करा. उलट क्रमाने केलं तर ड्रेनच्या वाटेवरच रक्तस्राव होतो. रुग्ण भुलीखाली असेल तर क्लोपिडोग्रेल ३०० ते ६०० मिग्रॅ कुटून राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून) द्या. अ‍ॅस्पिरिन मात्र साधी, विरघळणारी घ्या. आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी कुटली की तिच्या शोषणाचा भरवसा राहत नाही. क्लोपिडोग्रेलच्या लोडिंगचा असर यायला २ ते ६ तास लागतात, तोवरचं अंतर टिरोफिबॅनने (प्लेटलेट्सना रोखणाऱ्या, शिरेतून द्यायच्या औषधाने) भरून काढावं लागतं.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक गोष्ट. पारा चाळिशीच्या वर, त्यात रात्री बारापासून उपाशी, सकाळी तीन-चार तासांचा प्रवास. असा रुग्ण टेबलावर येतो तेव्हा कोरडा पडलेला असतो. भूल दिली की बीपी कोसळतं, आणि कॉन्ट्रास्टचा सगळा भार किडनीवर येतो. म्हणून रुग्णाला आदल्या दिवशीच भरती करून घ्या. रात्रीपासून नॉर्मल सलाइन ताशी किलोला १ मिली चालू ठेवा, हृदय कमजोर असेल तर निम्मं.

ट्रॉलीवर काय हवं ते सांगतो. ठरलेला स्टेंट, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा साइज, टेलिस्कोप करण्यासाठी (पहिल्याच्या आत सरकवून बसवण्यासाठी) दुसरा स्टेंट, त्या धमनीत बसेल असा एक कम्प्लायंट (मऊ, धमनीचा आकार घेणारा) बलून (हायपरग्लाइड, सेप्टर, ट्रान्सफॉर्म यांपैकी काहीही), त्याला चालणारी वायर, २ ते ४ मिमीचा मायक्रोस्नेअर (सरकलेला स्टेंट पकडायचा फास) आणि अ‍ॅस्पिरेशन कॅथेटर. बलूनचं पाकीट फोडायची गरज नाही, पण ते कुठे आहे हे रनरला (सामान आणून देणाऱ्याला) माहीत हवं. औषधांत हेपॅरिन, टिरोफिबॅन, प्रोटामिन, निमोडिपिन, मॅनिटॉल. प्रोटामिनची (हेपॅरिनचा असर उतरवणाऱ्या औषधाची) सिरिंज भरून, लेबल लावून बाजूला ठेवा. रक्त फुटल्यावर अँप्यूल शोधत बसण्यात जाणारी दोन मिनिटं परत मिळत नाहीत. आणि यूपीएस फक्त मॉनिटर नाही तर फ्लुरोस्कोपीसुद्धा (चालतं एक्स-रे चित्र) उचलतो का, हे बायोमेडिकलवाल्याकडून महिन्याला तपासून घ्या. लाइट गेली तर एकच नियम: दोन्ही हात आहेत तिथेच थांबवा. ओढू नका, ढकलू नका. चित्र परत येईपर्यंत सिस्टिम धरून ठेवा.

अडचण बऱ्याचदा हबमध्येच सुरू होते

स्टेंट पुढे जात नाही, वायरला जोर लावावा लागतो, मध्येच अडकतो. अशा वेळी लोक वळणाला दोष देतात. वळण असतंच, पण आधी हब, म्हणजे मायक्रोकॅथेटरचं (स्टेंट नेणाऱ्या बारीक नळीचं) मागचं तोंड, बघा.

स्टेंट एका बारीक इंट्रोड्युसर शीथमध्ये दाबून बसवलेला असतो. ती शीथ आरएचव्हीमधून (फिरवून आवळायच्या व्हॉल्व्हमधून) आत घालताना आधी तिचं टोक अर्ध्या रस्त्यात ठेवून व्हॉल्व्ह हलका आवळा आणि प्रेशर बॅगच्या फ्लशने शीथमध्ये सलाइन उलटं येऊ द्या. शीथच्या मागच्या टोकातून सलाइनचे थेंब गळताना दिसले की आतली हवा निघाली. आता व्हॉल्व्ह थोडा सैल करून शीथ पुढे न्या. ती मायक्रोकॅथेटरच्या हबच्या तळाला टेकली की बोटांना ठामपणे लागतं. तिथे व्हॉल्व्ह घट्ट आवळा आणि मगच वायर ढकला. टोक तळाला टेकलेलं नसेल आणि मध्ये अगदी एखाद्या मिलिमीटरची फट असेल, तर स्टेंट हबमध्येच फुलतो आणि हजारो रुपयांचा नव्हे, लाखाच्या घरातला माल तिथेच वाया जातो. पारदर्शक हबमधून हे डोळ्यांना दिसतं. ओव्हरहेड दिवा त्यावर घ्या आणि बघा.

प्रेशर बॅग ३०० मिमीवर हवी आणि फ्लश सतत थेंबथेंब चालू हवा. बॅग रिकामी होत आली की फ्लश थांबतो, रक्त मायक्रोकॅथेटरमध्ये मागे येतं, नायटिनॉलच्या (स्टेंटच्या धातूच्या) जाळीवर चिकटतं आणि घर्षण वाढतं. टेबलाखालच्या बॅगांवर लक्ष ठेवायचं काम एका ठरावीक माणसाकडे द्या.

मायक्रोकॅथेटर स्टेंटला शोभेल असाच हवा. न्यूरोफॉर्म अ‍ॅटलास आणि एल्व्हिस ज्युनिअर ०.०१७ इंचाच्या आसपासच्या कॅथेटरमधून जातात, एंटरप्राइज आणि मोठा एल्व्हिस ०.०२१ मधून, पाइपलाइन हा फ्लो डायव्हर्टर ०.०२७ मधून. तीच कॅथेटर आधी कॉइलला वापरून वळणात चपटी झाली असेल तर तिच्यातून स्टेंट जाणार नाही. ताकद लावावी लागली की थांबा, स्टेंट आणि मायक्रोकॅथेटर एकत्रच बाहेर काढा आणि नवी कॅथेटर घ्या. जोर लावून ढकलत राहिलं की साठलेला ताण एकदम सुटतो, कॅथेटर पुढे उडी मारते आणि वायरचं टोक बारीक फांदीत घुसतं. गाइड कॅथेटर किंवा इंटरमीडिएट कॅथेटर अ‍ॅन्युरिझमच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या. खालचा आधार भक्कम असला की वरची निम्मी भांडणं मिटतात.

स्टेंट पुरता उघडत नाही

दोन जातींचा फरक हातात हवा. लेझरने कापलेला ओपन-सेल स्टेंट, म्हणजे अ‍ॅटलास, एकदा उघडायला लागला की परत आत घेता येत नाही. त्यामुळे सगळा विचार उघडण्याआधीच करावा लागतो. विणलेले स्टेंट, फ्लो डायव्हर्टर आणि लेझरनेच कापलेला पण क्लोज्ड-सेल (सगळे कप्पे एकमेकांना जोडलेले) असा एंटरप्राइज परत आत घेता येतात, पण काही हद्दीपर्यंतच. एंटरप्राइज सुमारे ७० टक्के बाहेर येईपर्यंत, तोही एकदाच. एल्व्हिस साधारण तीन चतुर्थांशापर्यंत. पाइपलाइन फ्लेक्स ९० टक्क्यांपर्यंत आणि दोनदा. बॉक्समधलं पत्रक केसच्या आदल्या दिवशी वाचा, कारण मॉडेल बदललं की हे आकडेही बदलतात.

विणलेल्या जाळीचं गणित दोन हातांचं असतं. उजव्या हाताने वायर ढकलली की जाळी फुगते. डाव्या हाताने कॅथेटर मागे घेतली की जाळी लांब आणि बारीक होते. शिंप्याच्या मशीनवर कापड पुढे सरकवणारा हात आणि धागा सोडणारा हात जसे एकाच चालीत चालतात, तसंच हे काम आहे. एक हात पुढे गेला की काम बिघडतं. सरळ भागात कॅथेटर मागे घेत राहिलं तरी चालतं. वळणात मात्र वायर पुढे देत राहा, म्हणजे जाळी बाहेरच्या कडेला टेकून फुलते. वळणात नुसतं ओढलं तर जाळी आतल्या कडेला ताणली जाते आणि मध्ये चपटी पडते. आणि मानेसमोर आलात की उलटी काळजी: तिथे फार ढकललं तर जाळी पोत्यात, म्हणजे अ‍ॅन्युरिझमच्या फुग्यात, उतरते.

फ्लो डायव्हर्टरचं पुढचं टोक नेहमी सरळ भागात उघडा. मायक्रोकॅथेटर मानेच्या १५ ते २० मिमी पुढे नेऊन ठेवा, टोक फुललेलं दिसल्यावर सगळी सिस्टिम मागे ओढून जागेवर आणा आणि मग पुढे चला. टोक फुललंच नाही तर तिथेच घासत बसू नका. थोडं आत घ्या, वायर हलवून ताण मोकळा करा, पुन्हा उघडा. दोनदा करूनही टोक मिटलेलंच असेल तर तो नग बाहेर काढा.

पीळ ओळखायला शिका. हाडांच्या सावलीची वजाबाकी न केलेल्या, मोठ्या केलेल्या चित्रात जाळीच्या दोन कडा एका बिंदूपाशी येऊन परत दूर जाताना दिसल्या, डमरूसारखा आकार आला, तर जाळी पिळली गेली आहे. जोर लावून ढकलणं हेच सहसा त्याचं कारण असतं. परत आत घेण्याची हद्द ओलांडली नसेल तर पूर्ण आत घ्या. पिळावर बलून फुगवून तो सुटेल अशी आशा धरू नका. बलूनने पीळ सुटतो तो क्वचितच.

पूर्ण सोडून झाल्यावर जाळी भिंतीला टेकलेली नाही असं दिसलं, तर पायऱ्या अशा. डिलिव्हरी वायर जाळीच्या आतच ठेवा आणि मायक्रोकॅथेटर तिच्यावरून हळूहळू पुढे सरकवा. कॅथेटरच्या दाबानेच बऱ्याचदा मधला भाग फुलतो. तेवढ्याने भागलं नाही तर मायक्रोवायरचं टोक इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखं वळवून जाळीत खालीवर फिरवा. हा वळलेला आकार असल्यामुळे वायर जाळी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरत नाही. त्यानंतर बलून. तो धमनीच्या व्यासापेक्षा मोठा नको. अर्धं कॉन्ट्रास्ट, अर्धं सलाइन भरून सावकाश फुगवा, जाळी भिंतीला टेकलेली दिसली की थांबा. फुगलेला बलून कधीही पुढेमागे ओढू नका. शेवटी १० ते २० टक्के पातळ कॉन्ट्रास्ट देऊन कोन-बीम सीटी करा. साध्या डीएसएवर (हाडांची वजाबाकी करून काढलेल्या अँजिओग्राफीवर) ठीक दिसणारी जाळी तिथे अधांतरी दिसू शकते.

या सगळ्यात एकच गोष्ट सोडायची नाही, ती म्हणजे जाळीतून पलीकडे गेलेली वायर. ती हातात असेपर्यंत बलून नेता येतो, दुसरा स्टेंट नेता येतो. ती सुटली आणि जाळीचं मागचं टोक मिटलेलं असेल, तर परत आत शिरणं फार अवघड.

डिलिव्हरी वायर काढतानाही सावध राहा. तिचं टोक जाळीत अडकून सबंध स्टेंट ओढलं जाऊ शकतं. मायक्रोकॅथेटर जाळीतून पलीकडे नेऊन टोक तिच्या आत घ्या आणि मगच दोन्ही बाहेर काढा.

आखूड पडला, सरकला, पोत्यात घसरला

आखूड पडण्याचं मूळ बहुतेक वेळा मापात असतं. विणलेलं साहित्य कॅथेटरमध्ये लांब असतं आणि उघडल्यावर कमी होतं. किती, ते धमनीच्या व्यासावर अवलंबून. फ्लो डायव्हर्टर तर निम्म्याहूनही आखूड होऊ शकतो. बॉक्सवरची लांबी पूर्ण व्यासाला फुललेल्या अवस्थेची असते, त्यामुळे अरुंद धमनीत तो त्याहून लांब राहतो. दूरची आणि जवळची धमनी यांच्या व्यासात फरक असेल तर माप जवळच्या मोठ्या भागाचं घ्या. मानेच्या दोन्ही बाजूंना किमान ४ ते ५ मिमी टेकायला जागा हवी, फ्लो डायव्हर्टरला त्याहून जास्त. ३डी चित्रावर माप दोघांनी स्वतंत्र काढून जुळवून बघा.

मागचं टोक मानेपर्यंतच आलं किंवा पोत्यात घसरलं, आणि वायर अजून आरपार आहे, तर पहिल्याच्या आत दुसरा स्टेंट टेलिस्कोप करा. खाली निरोगी धमनीत त्याला भरपूर टेकू द्या. वायर गेली असेल तर जे वळणाच्या वायरने जाळीच्या तोंडातून परत शिरायचा प्रयत्न करा, पण वेगवेगळ्या कोनांतून चित्र बघून खात्री केल्याशिवाय पुढे काही नेऊ नका.

स्टेंट पुढच्या फांदीत सरकला असेल तर आधी डीएसए बघा. रक्तप्रवाह चांगला असेल, कुठली फांदी बंद नसेल, तर तिथेच राहू द्या. त्याच्या मागे दुसरा टाका आणि गोळ्या नीट चालू ठेवा. स्नेअरने ओढायचा मोह आवरा. ओपन-सेल स्टेंटचे दात भिंतीत रुतलेले असतात आणि ओढल्यावर धमनी फाटू शकते. प्रवाह खरोखर अडला असेल तरच स्नेअर किंवा स्टेंट रिट्रीव्हरने (ओढून काढायच्या जाळीने) काढायचं.

गुठळी

स्टेंट सोडल्यावर चित्र छान दिसलं म्हणून लगेच शीथ काढू नका. १० मिनिटांनी एक डीएसए, २० मिनिटांनी दुसरा. जाळीच्या आतल्या कडेवर धूसर डाग, कॉन्ट्रास्ट रेंगाळणं, एखादी फांदी उशिरा भरणं ही गुठळीची पहिली खूण.

ती दिसली की एकाच वेळी तीन कामं तीन माणसांकडे द्या. टेक्निशियन एसीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) काढेल. ती २५० ते ३०० सेकंदांमध्ये हवी, कमी असेल तर हेपॅरिन वाढवा (सुरुवातीचा डोस किलोला ७० ते १०० युनिट). भूलतज्ज्ञ सिस्टॉलिक (वरचं बीपी) १४० ते १६० पर्यंत नेतील, अर्थात अ‍ॅन्युरिझम फुटलेला नसेल किंवा कॉइलने बंद झालेला असेल तरच. आणि सिस्टर टिरोफिबॅन लावतील.

टिरोफिबॅनची ५ मिग्रॅ प्रति १०० मिलीची बाटली असेल तर १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम येतात. सुरुवातीची ३० मिनिटं मिनिटाला किलोला ०.४ मायक्रोग्रॅम आणि नंतर ०.१. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला पहिला अर्धा तास पंप ताशी २८.८ मिलीवर आणि मग ७.२ मिलीवर. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या कामाचं माप) ३० च्या खाली असेल तर दोन्ही वेग निम्मे. हा हिशोब रुग्णाच्या वजनाने सकाळीच करून फळ्यावर लिहून ठेवा. घाईत केलेल्या गुणाकारात दशांशचिन्ह चुकतं. कॉइल अजून भरलेली नसेल आणि अ‍ॅन्युरिझम फुटलेला असेल, तर हे औषध देण्याआधी डोम बंद करायचं बघा.

औषध चालू असतानाच गुठळी का झाली ते शोधा. भिंतीपासून सुटलेली जाळी किंवा चपटा भाग असेल तर बलूनने तो बसवल्याशिवाय गुठळी परत परत येते. गोळ्या पोचलेल्या नसतील तर राइल्स ट्यूबमधून लोडिंग द्या आणि त्याचा असर येईपर्यंत टिरोफिबॅन चालू ठेवा. गुठळी पुढे जाऊन मोठी फांदी बंद झाली तर अ‍ॅस्पिरेशनने काढा. ताज्या स्टेंटमधून स्टेंट रिट्रीव्हर ओढू नका, दोन्ही जाळ्या एकमेकींत गुंततात.

डाग दिसतो तो गुठळीच आहे की धमनी आकसली आहे, हा प्रश्न नेहमी पडतो. आकसलेली धमनी स्टेंटच्या टोकापाशी गुळगुळीत निमुळती दिसते. वायर थोडी मागे घेऊन पाच मिनिटं थांबलं की बऱ्याचदा सुटते. नाही सुटली तर निमोडिपिन १ ते २ मिग्रॅ पातळ करून १० ते १५ मिनिटांत सावकाश धमनीत द्या आणि बीपीवर नजर ठेवा.

फुटला तर

कॉन्ट्रास्ट धमनीबाहेर पसरतोय, बीपी एकदम चढलं, नाडी मंदावली. अशा वेळी मोठ्याने सांगा: ‘फुटलाय’. खोलीतल्या प्रत्येकाला एकाच क्षणी कळायला हवं.

भोक पाडलेली वायर किंवा कॅथेटर मागे ओढू नका. भोकात तीच बूच बनून बसलेली असते. मानेसमोर बलून असेल तर फुगवा, एका वेळी दोन-चार मिनिटं, मध्ये सोडून डीएसए. कॅथेटर आत असेल तर तिथूनच कॉइल भरत राहा, काही वेटोळी डोमच्या बाहेर गेली तरी चालेल. टिरोफिबॅन बंद. भूलतज्ज्ञ सिस्टॉलिक १०० ते १२० वर आणतील, मॅनिटॉल किलोला अर्धा ते एक ग्रॅम चालू करतील.

प्रोटामिन: शेवटच्या हेपॅरिनच्या दर १०० युनिटला १ मिग्रॅ, जास्तीत जास्त ५० मिग्रॅ, आणि तेही १० मिनिटांत. जोरात ढकललं की बीपी कोसळतं. हेपॅरिन देऊन तासभर झाला असेल तर निम्म्याच्या आसपास पुरतं. एनपीएच इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींना रिअ‍ॅक्शनचा धोका जास्त. इथे खरा पेच आहे: स्टेंट आत असताना हेपॅरिन पूर्ण उतरवलं तर तोच बंद पडतो. म्हणून बलूनने आणि कॉइलने रक्त थांबलं असेल तर प्रोटामिन आणि प्लेटलेट्सचा हात आखडता ठेवा. थांबत नसेल तर जीव आधी, स्टेंट नंतर. रक्त थांबल्यावर टेबलावरच सीटी करा. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या असतील तर ईव्हीडीसाठी न्यूरोसर्जनला तिथेच बोलवा.

आयसीयूत आणि घरी

पहिले २४ तास आयसीयू. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, मग तासातासाने बाहुल्या, हातपाय, बोलणं बघा. मांडीचा पाय सरळ. पाठ किंवा कंबर दुखते, नाडी वाढते, बीपी उतरतं, आणि मांडीवर सूज नाही, तर रक्त पोटामागे जमतंय असं समजून पोटाचा सीटी करा. नवीन, जोराची डोकेदुखी झाली तर गोळी देऊन गप्प बसवू नका, आधी डोक्याचा सीटी. फ्लो डायव्हर्टरनंतर मेंदूत रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो.

घरी पाठवताना गोळ्यांचा विषय सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजवा. स्टेंटनंतर दोन्ही गोळ्या साधारण ३ ते ६ महिने, फ्लो डायव्हर्टरनंतर किमान ६ महिने, आणि अ‍ॅस्पिरिन त्यानंतरही. बीड, जालना, धाराशिवकडचा रुग्ण ऊसतोडीला जाणारा असेल तर हे विचाराच. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि मार्चपर्यंत तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतो. त्याला सबंध हंगामाच्या गोळ्या आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी देऊन पाठवा, मुकादमाचा फोन नंबर केस पेपरवर घ्या. जनऔषधी दुकानात या गोळ्या स्वस्त मिळतात, हेही सांगा. एकत्र कॅप्सूल लिहिली असेल तर तीत अ‍ॅस्पिरिन आहेच, गावातल्या दुकानातून वेगळी इकोस्प्रिन जोडू नये, हे बजावा.

उपवास, नवरात्र, रोजे या काळात गोळी चुकते. रोजे असतील तर वेळ सहेरीला किंवा इफ्तारला बांधून द्या. दात काढायचा असेल, गुडघ्यासाठी कुणी सुई देत असेल, तर आधी आम्हाला फोन करायचा आणि स्वतःच्या किंवा गावातल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही, हे चिठ्ठीवर ठळक लिहा. डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनने आणि गोळ्यांनी पोटातून रक्त जाऊ शकतं, पॅरासिटामॉल चालतं. तंबाखू, बिडी बंद, बीपीची गोळी रोज.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, काळी शौच होणं, असं काहीही झालं तर १०८ ला फोन करून थेट न्यूरोची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. स्टेंटचं कार्ड रुग्णाच्या आधार कार्डासोबत एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्या. त्यावर स्टेंटचं नाव, माप, तारीख आणि एमआरआय कोणत्या अटींवर चालतो हे हवं. सहा महिन्यांनी होणाऱ्या अँजिओग्राफीची तारीख त्याच पाकिटावर मार्करने लिहा आणि त्या तारखेच्या आठ दिवस आधी आपल्याकडून फोन जाईल अशी नोंद वहीत करा.